फळी अर्धी करण्याआधी

जेवणं आटोपल्यावर सासूबाईंनी डब्यातले तुकडे टेबलावर ओतले, एकेक करून पालथे घातले आणि चहाच्या वेळेआधी सगळं जोडून मोकळ्या झाल्या. चित्र खाली, लाकूड वर. चित्र कसलं आहे हे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"एकही ढिला नाही, एकही कमी नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "पाठवून दे."

भिंतीपलीकडच्या खोलीत सुनेनं हे ऐकलं आणि पायडलवरचा पाय थांबवला.

या घरात लाकडी जिगसॉ बनतात. छापील चित्र पातळ प्लायवुडवर चिकटवायचं काम मुलाचं, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचं. ती फळी कापून तिचे तुकडे पाडायचं काम सुनेचं. करवत शिवणयंत्रासारखी पायानं चालते. दोऱ्याइतकं बारीक पातं जागच्या जागी वरखाली होत राहतं आणि फळी दोन्ही हातांनी त्याच्याभोवती फिरवावी लागते. साचा नाही, आखणी नाही, सुचेल तसं कापायचं. डब्याच्या झाकणावर तसं छापलेलंही आहे: यातला एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. कापून झालेला प्रत्येक डबा बाहेर पडण्याआधी सासूबाई एकदा जोडून बघतात. पूर्वी कापायच्याही त्याच. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी सुनेला शिकवलं आणि आपली खुर्ची टेबलाकडे सरकवली.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडलेली नव्हती. प्रत्येक डब्यात एक तुकडा पक्ष्याच्या आकाराचा असतो. शेपटी वर, चोच खाली. या धंद्यात असा तुकडा म्हणजे कापणाऱ्याची सही. गिऱ्हाईक तो शोधून काढतं आणि मगच डबा मिटतं. सून कापायला लागून बरीच वर्षं झाली होती. पक्षी अजून सासूबाईंचाच होता, आणि सून तो त्यांच्यापेक्षा सफाईनं कापायची.

त्या आठवड्यात नवऱ्यानं जेवताना एका फोनची गोष्ट सांगितली. एक जुनं गिऱ्हाईक, घरात कपाटभर डबे असलेलं. "म्हणत होते, बाईंचा हात अजून जसाच्या तसा आहे हो. इतक्या वर्षांत केसाचा फरक नाही."

"कुठल्या बाईंचा?" सुनेनं विचारलं.

"आईचा. त्यांना काय माहीत तू कापतेस ते."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"एवढं कौतुक चाललं होतं. मध्येच तोंड कुठं घालू?"

सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या, पण त्यांचं खाणं जरा जास्तच मन लावून चाललं होतं. सुनेनं चमचा ताटात ठेवला.

"आई, पुढच्या डब्यापासून मी माझी खूण घालू का?"

"घाल की. पण कापणंही तुझं असू दे."

"मग आता कोणाचं आहे?"

"राग मानू नकोस. तुझा डबा मी पालथा जोडते, चित्र न बघता. हे कसं जमतं मला? मी काही फार हुशार नाही. पुढचं वळण कुठं येणार हे माझ्या बोटांना तुझ्या आधी कळतं, कारण ते माझंच वळण आहे. माझ्या कापण्याखाली तुझी सही कशी शोभेल?"

नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. या घरात सासू-सुनेची भांडणं होत नसत, आणि हेही भांडण नव्हतं. म्हणूनच मध्ये पडायला जागा नव्हती.

"ज्या दिवशी तुझा डबा मला एका बैठकीत लागणार नाही," सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी माझा पक्षी काढून टाक. त्याच्या जागी काय घातलंस हेही मी विचारणार नाही."

"बैठक म्हणजे किती?" नवऱ्यानं विचारलं. त्याला सगळ्याची मापं लागतात.

"बैठक म्हणजे बैठक. मी खुर्चीतून उठेपर्यंत."

सुनेला वाटलं, हे काही फार अवघड नाही. आपल्याला सुचत नाही असं थोडंच आहे. आजवर वेगळं सुचवून घ्यायची वेळच आली नव्हती. तिनं मोरीत फुटलेली एक बशी जपून ठेवली होती. तिच्या भेगा तिनं फळीच्या पाठीवर पेन्सिलनं उतरवून घेतल्या आणि त्यांच्या मागं मागं करवत नेली. अशी वळणं तिच्या हातानं कधी घेतली नव्हती. टोकदार, मध्येच दुभंगणारी. डबा टेबलावर ठेवून ती आत गेली.

आत जाणं भाग होतं. सासूबाईंचा तसा नियमच होता: जोडणारीसमोर कापणारी नको. कापणाऱ्याच्या तोंडावर सगळं उत्तर लिहिलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे इतक्या वर्षांत सुनेनं स्वतःचा एकही डबा जोडला जाताना पाहिला नव्हता.

चहाच्या वेळेला हाक आली. "भेगा छान आहेत. कुठून उचलल्यास?"

"बशीवरून. लागला?"

"लागला की."

मग तिनं चिठ्ठ्या केल्या. डावीकडे, उजवीकडे, लांब, आखूड, गोल. डोळे मिटून एक उचलायची, जे निघेल तसं कापायचं. आपल्या हाताची सवयच नको, म्हणजे ओळखायला काही उरणार नाही, असा तिचा हिशेब होता. त्या डब्याचे तुकडे एकमेकांत नीट अडकेनात. काहींच्या अडकवायच्या टोकांच्या माना इतक्या बारीक झाल्या की डबा हलवल्यावर मोडल्या.

"हे कोणी कापलंय?" सासूबाई म्हणाल्या. "बस चालवताना डुलकी लागलेल्या माणसानं? विकायच्या लायकीचा नाही हा."

"पण लागला का तुम्हाला?"

"लागला. तुझ्या नवऱ्याला सरस आणायला सांग, माना चिकटवायच्यात."

नणंद दोन गल्ल्या सोडून राहते आणि सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला येते. तिनं ही हकिकत ऐकली आणि करवतीच्या खोलीत डोकावली. "काय वहिनी, कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ते हेच का?"

"तिखट कुठली ताई. अजून पहिले पाढे पंचावन्न."

"मी पण लहानपणी बसले होते त्या करवतीवर. दोन बोटं कापून घेतली आणि सुटले. तू उगाच चिवटपणा करतेस."

नवऱ्यानं कुठंसं वाचलं होतं की कल्पना चालताना सुचतात. सून चालून आली. एका रस्त्यावर पदपथाच्या फरश्या बसवायचं काम चाललं होतं, तिथं ती इतका वेळ उभी राहिली की गवंड्यानं विचारलं, "बाई, काही पडलंय का तुमचं?" दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात कापडावर खडूनं मांडलेली बाही आणि कॉलर बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पावाच्या सालीवरचे तडे. जे दिसेल ते ती घरी आणून फळीवर उतरवत होती. डबे खरोखरच वेगवेगळे होत होते. ते पाहून नवरा चकित झाला, गिऱ्हाइकांनीही फोनवर तसं बोलून दाखवलं. फक्त टेबलावरून तीच हाक यायची. कधी चहाच्या जरा आधी, कधी जरा नंतर.

"फरशी आवडली." "ही बाही ना? मजा आली." सासूबाई प्रत्येक वेळी मनापासून दाद द्यायच्या आणि प्रत्येक वेळी डबा लागलेला असायचा.

एकदा सुनेनं विचारलं, "एवढं सगळं बदललं, तरी तुम्हाला कळतं कसं?"

"ते नाही मला सांगता यायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं काहीतरी असेल. हात फिरवला की कळतं."

सून त्या उत्तरावर बराच वेळ अडून राहिली. सासूबाई लपवत नव्हत्या, त्यांना खरोखरच सांगता येत नव्हतं. पण बोटांना कळतं म्हणजे लाकडात काहीतरी असणार. आणि लाकडात असेल तर ते तिनंच तिथं ठेवलं असणार, न कळत. इतके दिवस ती नवं काय घालावं हे शोधत होती. जुनं काय राहून जातंय हे तिनं बघितलंच नव्हतं.

"आई, मला एकदा बघू दे तुम्ही कसं जोडता ते."

"नियम माहीत आहे ना?"

"तोंड दिसू नये एवढाच ना नियम? मी मागं बसते."

सासूबाईंनी विचार केला. नियम त्यांचा होता, पण त्यात ही फट आहे हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. "बस. पण श्वास हळू घे. श्वासावरूनही कळतं."

सून स्टूल घेऊन त्यांच्या पाठीमागं बसली, न्हाव्याच्या दुकानात आपली पाळी येण्याची वाट बघत बसावं तशी. सासूबाईंच्या खांद्यावरून तिला फक्त हात आणि टेबल दिसत होतं. डबा पावाच्या तड्यांचा होता.

साधारण माणूस आधी कडेचे सरळ बाजूवाले तुकडे वेगळे काढतो. सासूबाईंनी कडेला हातही लावला नाही. त्या एकेक तुकडा उचलत, अंगठा त्याच्या चारी बाजूंनी फिरवत आणि बहुतेक तुकडे परत ठेवत. काही थोडे मात्र बाजूला काढत. त्यांचा हात तेवढा थरथरत असूनही अंगठा चुकत नव्हता. बाजूला काढलेले तुकडे त्यांनी एकापुढे एक लावायला सुरुवात केली आणि टेबलाच्या मधोमध एक लांब ओळ तयार झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिला काटणारी दुसरी. आता टेबलावर चार मोकळे चौकोन होते आणि मध्ये एक चौरस्ता. उरलेलं काम म्हणजे एकेक मोहल्ला भरणं. ते त्यांनी गाणं गुणगुणत केलं.

"तुम्ही बाजूला काढलेल्यांत काय बघितलंत?"

"काय बघितलं?" त्यांनी एक तुकडा पुन्हा हातात घेतला, अंगठा फिरवला. "ही बाजू बघ. लांब, सुस्त वळण आहे. बाकीच्या बाजूंना तुझ्या पावाच्या भेगा आहेत, हिला नाहीत. आणि इथं कोपऱ्यावर ही रेघ थांबत नाही, पुढच्या तुकड्यात तशीच जाते. बाकीच्या रेघा हिला येऊन भिडतात. गल्ल्या मोठ्या रस्त्याला मिळतात तशा." त्या स्वतःच जरा थबकल्या. "बघ, आलं की सांगता."

सुनेनं तुकडा घेतला. लांब, सुस्त वळण. ते कधी कापलं होतं हे तिला नक्की आठवत होतं, आणि तरीही ते तिनं कापलं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फळी करवतीवर आली की पहिल्यांदा ती मधून कापून अर्धी करायची. मग त्या अर्ध्यांचे अर्धे. तसं शिकवलं गेलं होतं. पूर्ण फळी जड असते, हातात डोलते, म्हणून ती पहिली रेघ आपोआप संथ आणि मोठ्या वळणांची येते. चार हलके भाग हातात आले की मग कापायला सुरुवात. बशीच्या भेगा, चिठ्ठ्या, फरश्या, बाही, सगळं त्यानंतर. फळी अर्धी करणं तिच्या लेखी कापण्यात धरलेलंच नव्हतं. ते तयारीत मोडत होतं, पातं ताणण्यासारखं, पायडलला तेल घालण्यासारखं. तयारीत कोणी काही सुचवायला जात नाही.

"आपण फळी अर्धी का करतो?" तिनं विचारलं.

"का म्हणजे? एवढी मोठी फळी करवतीच्या कमानीत फिरणार कशी?"

हे पटण्यासारखं होतं. तरी सून आत गेली, करवतीचं पातं काढून ठेवलं आणि एक अख्खी कोरी फळी नुसतीच कमानीत फिरवून बघितली. मध्यावर नेऊन फिरवायची तर फळी कमानीच्या मागच्या लोखंडाला अडकत होती. पण मध्यावर नेऊन फिरवायची कशाला? कडेचा एक तुकडा कापायला फळी जेमतेम बोटभर आत जावी लागते. तो पडला की त्याच्या शेजारचा. कडेकडेनं खात गेलं तर फळी आपोआप लहान होत जाते आणि लोखंडाला कधीच अडकत नाही.

ती फळी हातात घेऊनच बाहेर आली. "आई, कमानीचं कारण नाही. फिरते ती. कडेनं गेलं तर फिरते."

सासूबाईंनी आधी फळीकडे, मग करवतीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आमच्याकडे तेव्हा दोन करवती होत्या," त्या म्हणाल्या. "एक माझी, एक ह्यांची. फळी एकच. अर्धी केली की एक भाग ह्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मग तेही दमायचे, मीही दमायचे, म्हणून पुन्हा अर्धे. ह्यांची करवत विकली त्याला किती काळ झाला. मी अर्धी करतच राहिले."

"आणि मला तसंच शिकवलंत."

"तू कधी विचारलं नाहीस. मलाही कोणी विचारलं नव्हतं." त्यांनी टेबलावरचा चौरस्ता बोटानं मोडला आणि तुकडे डब्यात भरू लागल्या. "जा आता. मला काही सांगू नकोस. जे करायचं ते कर."

पहिली फळी वाया गेली. सुनेनं कोपऱ्यातून सुरुवात केली, पण पाचसहा तुकडे पडले की हात पुन्हा समोरच्या कडेकडे निघायचा, सरळ पलीकडे, वर्षानुवर्षं गेलेल्या वाटेनं. ती पाय थांबवायची, पातं मागं घ्यायची, पुन्हा वळायची. चारी बाजूंनी गोल गोल खात गेल्यामुळे शेवटी मध्ये बिस्किटाएवढा भाग उरला आणि तो धरायला बोटांना जागा राहिली नाही. नवऱ्यानं ती फळी बघितली. "उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते," तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून चहा टाकायला गेला.

दुसऱ्या फळीच्या आधी ती काही न कापता करवतीसमोर बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, आणि तो गंमतशीर वाटत होता: आणखी काय काय मी तयारीत धरलंय? चित्राची वरची बाजू नेहमी माझ्याकडे असते. का? पहिला तुकडा नेहमी उजव्या हाताचा. का? एका जागी मी दर वेळी थांबून माझी अवघडलेली मान मोडते, तिथं रेघेला बारीक आचका बसतो. तोही कोणाच्या अंगठ्याला लागत असेल. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच होतं: काही कारण नाही. काही गोष्टी तिनं तरीही तशाच ठेवल्या. मान मोडायची ती मोडावीच लागते. पण या वेळी ती त्या स्वतः ठरवून ठेवत होती.

फळी उलटी धरून तिनं डाव्या कडेच्या मध्यावर पातं लावलं. या खेपेला समोर बशी नव्हती, फरशी नव्हती. तिला वाटलं होतं की आता सगळंच मनानं सुचवावं लागणार, आणि तिथंच ती चुकली होती. पहिला तुकडा पडला तेव्हा फळीला एक खाच राहिली. दुसऱ्या तुकड्याची एक बाजू म्हणजे ती खाच. म्हणजे त्याचा काही भाग आधीच ठरलेला होता, उरलेला ठरवायचा होता. तिसऱ्याच्या दोन बाजू ठरलेल्या होत्या. प्रत्येक तुकडा जाताना पुढच्याला एक प्रश्न टाकून जात होता, आणि तिला फक्त तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. चार भागांत कापताना हे कधी जाणवलं नव्हतं. तिथं रस्ते आधी आखलेले असायचे आणि गल्ल्या त्यांना आज्ञाधारकपणे जाऊन मिळायच्या. बशीच्या भेगा न बोलावता मध्येच आल्या, एका ठिकाणी बाहीचं वळणही आलं, पण या वेळी जागेनं मागितलं म्हणून. शेवटचा भाग तिनं हातात धरता येईल असा लांबट राखला. पक्षी कापायचा होता, कारण अट अजून पुरी झालेली नव्हती. तो जिथं मावला तिथं तिनं कापला.

सुट्टीचा दिवस होता, नणंद आलेली होती. सकाळची भांडी आवरल्यावर सासूबाई टेबलाशी बसल्या.

"ये, मागं बस," त्या सुनेला म्हणाल्या. "नाहीतर भिंतीला कान लावून बसशील."

सून स्टूलवर बसली. सासूबाईंनी तुकडे पालथे केले आणि अंगठा फिरवायला लागल्या. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. बराच वेळ बाजूला काहीच निघालं नाही. मग त्यांनी तेच तुकडे पुन्हा पहिल्यापासून चाचपले.

"अर्धी केली नाहीस ना?"

"मागं बसलेल्यानं बोलायचं नसतं," सून म्हणाली.

"रस्ताच नाही या गावाला." त्यांनी पक्षी शोधून काढला. तो लगेच सापडला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पूर्वी तो कायम चौरस्त्याजवळ असायचा, आता त्याच्यावरून त्याचा शेजारी कोण हे कळत नव्हतं. मग त्या साधारण माणसासारख्या कडेचे तुकडे शोधू लागल्या. सुनेनं त्यांना हे करताना पहिल्यांदाच पाहिलं. टेबलावर छोटी छोटी बेटं तयार होऊ लागली, एकमेकांपासून लांब.

"आई, चहा?" नणंदेनं विचारलं.

"नको."

"पाणी तरी?"

"तू नेमकी कोणाच्या बाजूची आहेस?"

नणंदेनं वहिनीकडे बघून डोळे मिचकावले. चहा-पाणी पोटात गेलं की खुर्चीतून उठावं लागणार, हे तिघींनाही कळत होतं. नवरा दर थोड्या वेळानं काहीतरी शोधायच्या निमित्तानं खोलीतून फिरून जात होता. जेवण सासूबाईंनी खुर्चीतच मागवलं आणि कोरडंच खाल्लं. बेटं वाढली, दोन बेटं एकमेकांना जुळली. तेव्हा त्या "हं" एवढंच म्हणाल्या, पण ते इतकं खुशीत की सून पुढं झुकली आणि तिचा श्वास त्यांच्या मानेला लागला.

"मागं हो. तू इथं दमलीस आणि इथून पुन्हा रंगात आलीस. बरोबर?"

"सांगणार नाही."

दुपार कलली तेव्हा टेबलावर निम्म्याहून थोडं अधिक जोडलं गेलं होतं. सासूबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि उठल्या. कोणाकडेही न बघता, पाठ ताठ ठेवून त्या बाथरूमकडे चालत गेल्या.

"उठली," नवरा म्हणाला.

दार लागल्याचा आवाज येईपर्यंत कोणी हसलं नाही.

परत येऊन सासूबाई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या आणि तोच तुकडा उचलला. "पक्षी काढ आता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि तिघंही इथून जा. उत्तर सांगितलंत तर याद राखा. मला हे लावायचंय."

त्यांनी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावलं. मग सुनेला बोलावून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा भाग रडका आहे. मला लागला नाही म्हणजे सगळं चांगलं झालं असं समजू नकोस."

सुनेनंही तो भाग रडकाच धरला होता.

पुढच्या फळीवर तिला स्वतःची खूण घालायची होती. नवऱ्यानं किल्ली सुचवली, नणंदेनं फोनवर कात्री. दोन्ही आकार चांगले होते आणि दोन्ही आधीच ठरलेले होते. ती कडेनं कापत गेली, कुठं थांबायचं हे न ठरवता. फळी निम्मी संपल्यावर तीन तुकड्यांच्या मध्ये एक विचित्र जागा उरली. एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला निमुळती, खाली एक आखूड पाय असल्यासारखी. त्या जागेत दोन तुकडे सहज झाले असते. तिनं एकच केला, आणि तो तळहातावर घेऊन खिडकीशी नेऊन पाहिला.

"बूट आहे," नवरा म्हणाला.

"वांगं," सुट्टीच्या दिवशी आलेली नणंद म्हणाली.

डबा टेबलावर गेला. सासूबाईंनी तुकडे पालथे केले, अंगठा फिरवत राहिल्या आणि एका तुकड्याशी येऊन थांबल्या. तो त्यांनी दोनतीनदा फिरवला, मुठीत धरून पाहिला.

"हे काय आहे गं?"

"तुम्ही विचारणार नव्हतात."

"काय घातलंस ते विचारत नाहीये. काय आहे ते विचारतेय."

"मलाही अजून कळलेलं नाही."

सासूबाईंनी तुकडा आणखी थोडा वेळ हातात ठेवला. "मग राहू दे तोच," त्या म्हणाल्या आणि तो टेबलाच्या कडेला वेगळा ठेवून बाकीचे तुकडे चाचपू लागल्या.